जुनी, स्वस्तातली युरोपियन गाडी: चार वर्षं सांभाळल्यानंतरचा रिव्ह्यू

आधीच सांगतो, माझी गाडी कुठल्या कंपनीची ते लिहिणार नाहीये. नाव घेतलं की निम्मे लोक "बघ, म्हटलं नव्हतं" म्हणून मोकळे होतात आणि उरलेले निम्मे भांडायला येतात. सेडान आहे, पेट्रोल, सहा सिलिंडर, घेतली तेव्हा १५ वर्षांची होती आणि मीटरवर १ लाख ६२ हजार किलोमीटर. मी मोजलेले पैसे म्हणजे नव्या साध्या हॅचबॅकच्या निम्म्याहूनही कमी. आता एवढ्यात लेदर सीट, सनरूफ, सहा एअरबॅग आणि ते दार, जे लावल्यावर नुसतं धप्प असा जाड आवाज येतो, हे सगळं मिळत असेल तर माणूस पाघळणारच ना. मी पाघळलो. घरी, ऑफिसात, मित्रांत सगळ्यांनी सांगितलं नको घेऊस, हत्ती पोसल्यासारखं होईल, आणि मी सगळ्यांना हेच सांगत सुटलो की अरे एवढी भक्कम गाडी एवढ्या स्वस्तात कोण देतं.

तर स्वस्तात का देतं याचं उत्तर मला पहिल्या १४ महिन्यांत मिळालं. गाडीच्या किमतीच्या साधारण ६० टक्के पैसे मी परत गाडीतच घातले. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात ते एकदम फिट्ट बसतं, फक्त इथे मसाल्याचा हिशोब कोंबडीवाला आधी सांगत नाही. मुद्दा साधा आहे पण घेताना डोक्यात शिरत नाही. गाडीची किंमत १५ वर्षांत कोसळते, पार्टची कोसळत नाही. सस्पेंशनचा आर्म, कूलिंगचा पंप, गिअरबॉक्सचं तेल हे सगळं अजूनही त्या नव्या, महागड्या गाडीच्याच भावात मिळतं. म्हणजे विकत घेतली हॅचबॅकच्या बजेटात आणि सांभाळायची लक्झरी सेडानच्या बजेटात. ज्याला हे झेपत नाही तो काय करतो, तर सर्व्हिस पुढे ढकलतो. मग दुसरा मालक ढकलतो, तिसरा ढकलतो, आणि चौथ्याच्या हातात फुटलं की नाव खराब होतं कंपनीचं. मी तिसरा होतो. चौथ्याला देण्याआधी थांबलो एवढंच.

आता फुटतं म्हणजे नेमकं काय फुटतं. मला वाटायचं इंजिन बसेल, पिस्टन जाईल, काहीतरी भयंकर. तसं काही झालं नाही, आजही इंजिनाचा आवाज मलमलीसारखा आहे. लोखंड पक्कं असतं हो या गाड्यांचं. मरतं ते रबर आणि प्लास्टिक. होज, बुश, सील, गॅसकेट, क्लिपा, वायरींवरचं आवरण, या सगळ्यांचं आयुष्य किलोमीटरपेक्षा वर्षांवर जास्त असतं, त्यातून युरोपियन गाड्यांचं बोनेट गच्च भरलेलं, उष्णता कोंडलेली, म्हणजे ते सगळं रोज थोडं थोडं भाजलं जातं. म्हणूनच "कमी चाललेली" जुनी गाडी दिसली की हुरळून जाऊ नका, उभी राहिलेली गाडी कधीकधी चाललेल्या गाडीपेक्षा वाईट असते.

माझ्याकडे सुरुवात वासाने झाली. गाडी घेऊन पाच आठवडे झाले असतील, सिग्नलला थांबलो की केबिनमध्ये हलकासा गोडसर वास. बोनेट उघडलं तर सगळं कोरडं. नंतर कळलं की गरम भागावर पडलेला कूलंटचा, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा, थेंब लगेच वाळतो, मागे फक्त एक पांढरट गुलाबी कडा राहते आणि ती बघायला टॉर्च लागतो. कूलंटच्या प्लास्टिकच्या टाकीला शिवणीवर केसाएवढी चीर होती. मेकॅनिकनं टाकी काढायला होज ओढला तर टाकीची नळी होजच्या आतच तुटून राहिली, ती पक्कडीनं बाहेर काढली तर हातात खडूसारखा चुरा. मला दाखवून म्हणाला, "हे बघा, सगळं एकाच वयाचं आहे. एकटी टाकी बदलू नका, थर्मोस्टॅट, वॉटर पंप, दोन्ही मोठे होज, सगळं एकदम करून टाका." मला वाटलं हा बिल वाढवतोय. मी फक्त टाकी बदलली. चार आठवड्यांनी थर्मोस्टॅटचं हाउसिंग लीक झालं. कारण नवीन टाकी दाब धरायला लागली आणि तो दाब पुढच्या सगळ्यात कच्च्या तुकड्यावर गेला. तीच मजुरी दुसऱ्यांदा भरली, तोच कूलंट दुसऱ्यांदा ओतला, आणि मेकॅनिक एका शब्दानं बोलला नाही हे जास्त लागलं.

ही कूलिंगची भानगड काही माझ्याच नशिबाची नाही. बीएमडब्ल्यूच्या ई४६ पिढीच्या थ्री सिरीजवाल्यांना विचारा, प्लास्टिकची टाकी, होज, पंप हे ठरावीक काळानं बदलायच्या वस्तू म्हणूनच तिथे धरतात, टायरसारख्या. फोक्सवॅगनच्या कित्येक इंजिनांत वॉटर पंपाच्या आतलं पातं प्लास्टिकचं होतं, ते झिजून दांड्यावर नुसतं फिरायचं. आणि हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, ॲल्युमिनियमचं असल्यामुळे एकदा गाडी जबर तापली की हेड वाकतं, गॅसकेट जातं. गंमत अशी की काही गाड्यांत तापमानाची सुई मुद्दाम शांत ठेवलेली असते, आत बरंच वरखाली झालं तरी सुई मध्यावरच, आणि जेव्हा हलते तेव्हा उशीर झालेला असतो. "अजून दोन किलोमीटर, घरी पोचू" या दोन किलोमीटरांनी जेवढी इंजिनं मारली असतील तेवढी कुठल्या डिझाइननं मारली नसतील. सुई हलली की बाजूला घ्या, बंद करा, टो करा. इज्जत गेली तरी चालेल.

दुसरा धडा चेक इंजिन लाइटचा, आणि तो जास्त महाग पडला. लाइट लागला, स्कॅनर लावला, कोड आला पी०१७१. म्हणजे इंजिनाला पेट्रोल कमी आणि हवा जास्त होतेय. ज्या वर्कशॉपला पहिल्यांदा नेली (नाव घेत नाही) त्यांनी ऑक्सिजन सेन्सर बदलला. आठ दिवस ठीक, परत लाइट. मग हवा मोजणारा सेन्सर बदलला. परत तेच. मग म्हणाले फ्युएल पंप बघावा लागेल. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच. सेन्सर बिचारा खरं सांगत होता की हवा जास्त येतेय, आणि हे लोक सांगणाऱ्यालाच बदलत बसले. शेवटी दुसरीकडे नेली, तिथे त्यांनी इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनात हवा जाण्याच्या वाटेत, धूर सोडला, साधा टेस्टचा धूर, आणि दहा मिनिटांत मॅनिफोल्डच्या खालून बारीक धुराची रेघ वर यायला लागली. इंजिनातली वाफ परत आत खेचणारी एक करंगळीएवढी रबरी नळी, मधोमध भेगाळलेली. नळीची किंमत आधीच्या दोन सेन्सरच्या पंधराव्या हिश्शाएवढीसुद्धा नव्हती. तेव्हापासून माझा नियम आहे, कोड म्हणजे तक्रार, निदान नाही. ज्या मेकॅनिककडे स्मोक मशीन नाही आणि जो कोड वाचून लगेच पार्ट सांगतो तिथून गाडी उचलायची.

म्हणून या गाड्यांचा अर्धा रिव्ह्यू खरंतर मेकॅनिकचा रिव्ह्यू असतो. यांना वेगळी हत्यारं लागतात, टॉर्क्सचे ताऱ्याच्या आकाराचे पाने, बारा टोकांच्या बोल्टचे पाने, टायमिंग (व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा ताळमेळ) धरून ठेवायचे लॉक, आणि कंपनीचं खोल डायग्नोस्टिक सॉफ्टवेअर. साधा स्कॅनर इंजिन वाचतो पण एबीएस, एअरबॅग, आरसा, खिडकी यांच्यातलं भांडण त्याला दिसत नाही. युरोपात पेट्रोल गाड्यांना एकसारखं ओबीडीचं, म्हणजे स्कॅनर लावायचं, सॉकेट २००१ पासून सक्तीचं झालं, डिझेलला त्यानंतर, त्याआधीच्या गाड्यांत प्रत्येकाचा आपला आपला प्लग, बीएमडब्ल्यूचा तर गोल, बोनेटखाली. गाडी घ्यायच्या आधी मेकॅनिक शोधा, उलटं करू नका. मी उलटं केलं.

आता नावलौकिकाबद्दल. लोक बोलतात ते ब्रँडबद्दल, आणि माझ्या मते घोळ तिथेच आहे. ब्रँडनं काही कळत नाही, इंजिनाचा कोड आणि उत्पादनाचं वर्ष विचारा. मर्सिडीजचंच घ्या. १९७६ ला आलेली डब्ल्यू१२३, साधारण २७ लाख बनल्या, टॅक्सीवाल्यांची लाडकी, कशानंच मरत नाही अशी तिची ख्याती आणि ती खरी आहे. त्याच कंपनीनं नव्वदच्या दशकाच्या पहिल्या अर्ध्यात इंजिनाच्या वायरींना असं पर्यावरणपूरक आवरण दिलं की ते उष्णतेनं तडकून गळून पडायचं आणि वायरी उघड्या. आणि मग आली डब्ल्यू२१०, तिला गंज लागायचा. दारांच्या कडांना, फेंडरला, ताऱ्याचा बिल्ला लावलेल्या गाडीला गंज! तिन्हींवर नाव एकच. व्हॉल्वोचं तेच, २४० म्हणजे वीट, १९७४ ते १९९३ जवळपास तशीच बनत राहिली, इंजिन अमर, पण ऐंशीच्या दशकातल्या बऱ्याच २४० ना वायरींचा तोच रोग.

फोक्सवॅगनचं १.९ टीडीआय डिझेल ज्याच्याकडे आहे तो ते विकत नाही, त्याच्या मागून आलेल्या २.० च्या काही पंप-इंजेक्टर इंजिनांत ऑइल पंप फिरवणारा पेन्सिलच्या तुकड्याएवढा षटकोनी शाफ्ट झिजून गोल होतो आणि तेलाचा दाब शून्य. बीएमडब्ल्यूचं एन४७ डिझेल, ताकद आणि ॲव्हरेज एकदम झकास, पण टायमिंग चेन इंजिनाच्या मागच्या बाजूला, गिअरबॉक्सकडे, त्यामुळे चेन खडखडायला लागली की छोटं काम राहतच नाही. रोव्हरच्या के सिरीज इंजिनाचं नाव काढलं की ज्याच्या त्याच्या तोंडी हेड गॅसकेट. ऑटोमॅटिकमध्ये सात गिअरचा ड्राय क्लचवाला डीएसजी (फोक्सवॅगनचा दोन क्लचचा गिअरबॉक्स), ज्याच्यासाठी २०१३ मध्ये जगभरातून १६ लाखांच्या आसपास गाड्या परत बोलावल्या, आणि त्याचाच सहा गिअरचा ओल्या क्लचचा भाऊ, दर ६० हजार किलोमीटरला तेल बदललं की निमूट चालतो. बाहेरून लिव्हर सारखाच दिसतो हो दोघांचा. त्यामुळे "डीएसजी वाईट" किंवा "जर्मन चांगली" ही वाक्यं मला आता अर्धवट वाटतात.

इटालियन आणि फ्रेंच गाड्यांवर तर विनोदांचाच गंज जास्त चढलाय. लान्सिया बीटाचा गंज खरा होता, ब्रिटनमध्ये कंपनीला गाड्या परत विकत घ्याव्या लागल्या, आणि त्यातून त्या ब्रँडचं तिथलं नाव जे गेलं ते गेलंच. अल्फा रोमिओची अल्फासूदही गंजायची. पण तो काळ सत्तरचा. नंतर जस्ताचा मुलामा दिलेले पत्रे आले आणि गंजाची गोष्ट बरीच मागे पडली, लोकांच्या डोक्यात मात्र तीच राहिली. सित्रोएनच्या हायड्रोन्यूमॅटिक सस्पेंशनला सगळे घाबरतात, १९५५ च्या डीएसनं गाजवलेलं तंत्र, नायट्रोजन भरलेले गोळे आणि तेल. मी एका ओळखीच्याकडे ते गोळे बदलताना प्रत्यक्ष बघितलं, दाब सोडला आणि ऑइल फिल्टरसारखा गोळा फिरवून काढला, नवीन लावला, संपलं. साध्या शॉक ॲब्सॉर्बरपेक्षा सोपं. आणि पूजो ५०४, फ्रेंच गाडी म्हणून नाकं मुरडणाऱ्यांनी आफ्रिकेत तिनं किती वर्षं खडबडीत रस्त्यांवर माणसं आणि माल ओढला ते आठवावं. साधं इंजिन, उंच मऊ सस्पेंशन आणि गल्लोगल्ली दुरुस्त करू शकणारे लोक, एवढं असलं की युरोपियन गाडीला काही होत नाही.

उलट टोकाचं उदाहरण म्हणजे अमेरिकेतले अर्व्ह गॉर्डन, १९६६ ची व्हॉल्वो पी१८००, एकट्यानं ३० लाख मैलांच्या वर चालवली. लोक ते सांगून व्हॉल्वोची तारीफ करतात. मी त्यात माणसाची तारीफ बघतो, तेल वेळेवर, आणि खुट्ट झालं की तेव्हाच बघायचं, पुढच्या महिन्यावर ढकलायचं नाही. अशी गाडी कुठलीही टिकेल.

तेलावरून आठवलं. "लाइफटाइम" तेल नावाचा एक प्रकार आहे, गिअरबॉक्सचं तेल कधीच बदलायचं नाही असं कित्येक गाड्यांच्या पुस्तकात असतं. कुणाचं लाइफ ते लिहीत नाहीत. अशा बऱ्याच गाड्यांचे गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी स्वतः म्हणते ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरला बदला. माझ्या गाडीचं १ लाख ७० हजाराला बदललं, काढलेलं तेल काळं कुळकुळीत, जळक्या वासाचं, आणि सेकंडवरून थर्डमध्ये जाताना जो हलका धक्का बसायचा तो पंधरा दिवसांत गेला. कूलंटचंही तसंच, रंग जुळला म्हणून काहीही ओतू नका, फोक्सवॅगनच्या जुन्या निळ्या आणि लाल कूलंटची भेसळ झाली की आत तपकिरी चिखल तयार होतो. इंजिन ऑइल घेताना जाडी बघून भागत नाही, डब्याच्या मागे बारीक अक्षरात कंपनीच्या मान्यतेचा नंबर असतो तो बघायचा.

एवढं रडलो, मग ठेवलीय कशाला? रात्री पावसात हायवेवर एकदा घेऊन निघा. बाकीच्या गाड्या ट्रकच्या मागून बाहेर आल्या की वाऱ्यानं हलतात, ही हलत नाही. स्टिअरिंग जड आहे पण ते जडपण हाताला सांगतं की टायर कुठे आहेत, खड्डा आला की आवाज येतो पण अंगापर्यंत पोचत नाही, सलग सहा तास चालवून उतरलं तरी पाठ दुखत नाही. ब्रेकवर पाय ठेवला की गाडी नाक खाली न झुकवता सपाट थांबते. मित्राची नवी गाडी घेतो कधीतरी, तिच्यात स्क्रीन माझ्या गाडीच्या चौपट, मऊ मऊ आवाजात बोलतेसुद्धा, पण वळणावर काही विचारलं तर उत्तर देत नाही. आणि हो, पार्ट महाग म्हणतात ते अर्धंच खरं. कंपनीच्या खोक्यातला पार्ट आणि बॉश, साक्स, लेमफोर्डर, माहले यांच्या खोक्यातला पार्ट पुष्कळदा एकाच कारखान्यातला असतो, फक्त एकावरचा बिल्ला घासून काढलेला. पार्ट नंबर शोधायला शिका, एवढ्यानं माझा खर्च दुसऱ्या वर्षापासून जवळपास निम्म्यावर आला. तिसऱ्या आणि चौथ्या वर्षी तेल, फिल्टर, ब्रेक पॅड आणि किरकोळ सोडून फार काही लागलं नाही.

घ्यायचीच असेल तर माझ्याकडून एवढं. गाडी थंड असताना बघायला जा, मालकानं आधीच गरम करून ठेवली असेल तर परत उद्या येतो म्हणा. तेलाचं झाकण काढून आत लोण्यासारखं पांढरं काही दिसतंय का बघा. चारही टायर वेगवेगळ्या फालतू कंपनीचे असतील तर त्या मालकानं जे तुम्हाला दिसत नाही तिथेही तसेच पैसे वाचवलेत समजा. टायमिंग बेल्ट असेल तर बदलल्याची पावती मागा, तोंडी नाही, आणि किलोमीटरबरोबर किती वर्षं झाली तेही बघा, कारण बऱ्याच इंजिनांत बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. दोन सारख्या गाड्यांत जिच्याबरोबर पावत्यांची जाड फाइल येते ती घ्या, मग ती दुसरीपेक्षा महाग असली आणि जास्त चाललेली असली तरी. माझ्याबरोबर फाइल नव्हती, एक चकचकीत पॉलिश केलेला डॅशबोर्ड होता. आणि तुमच्याकडे हीच एकमेव गाडी असणार असेल, सकाळी नऊला पोचायलाच पाहिजे अशी नोकरी असेल, तर नका घेऊ, खरंच नका घेऊ. बाजूला कर्जाचे हप्ते चालू असतील तर अजिबातच नको.

रेटिंग विचाराल तर चालवायला पाचात पावणेपाच, सांभाळायला पहिल्या वर्षी दीड, आता साडेतीन.

सध्याची अवस्था: मागची डावी खिडकी दारात आत पडलीय. मोटर चालू आहे, काच शाबूत आहे, काचेला धरणारी प्लास्टिकची क्लिप गेली. काच वर ओढून चिकटपट्टी लावलीय, रंग जुळणारी चिकटपट्टी मिळाली त्यामुळे लांबून कळत नाही. क्लिप मागवलीय. दोन मागवल्यात, एक बसवताना तुटेलच.